मागावरची अर्धी घोंगडी

मामंजींच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा ते मागाच्या खड्ड्यातच बसलेले होते. मी ओसरीवर लोकर पिंजत होते. आतला ठोका थांबला. ठोका दिवसातून कितीदा तरी थांबायचा, तुटलेला धागा जोडायला, तंबाखू मळायला, म्हणून मी मान वर केली नाही. मग आडवं सूत नेणारा धोटा जमिनीवर पडल्याचा आवाज आला. बावीस वर्षं मी त्या घरात होते, पण मामंजींच्या हातून धोटा पडलेला कधी ऐकला नव्हता. आत गेले तर ते पुढं कलून विणलेल्या घोंगडीवर टेकले होते. अख्ख्या माणसाचा भार त्या ताणलेल्या धाग्यांनी झोळीसारखा पेलून धरला होता आणि एकही धागा तुटलेला नव्हता.

जुन्नरला दवाखान्यात नऊ दिवस काढले. उजवा हात आणि पाय गेला तो गेलाच, वाचाही गेली. समजायचं मात्र सगळं. घरी आणल्यावर त्यांची बाज मागाच्याच खोलीत टाकली, कारण दुसरी खोली म्हणजे स्वयंपाकघर.

आमचं घर मढच्या अलीकडं, माळशेजला जाणाऱ्या रस्त्याला लागून. पुढच्या खोलीची निम्मी जागा मागानं घेतलेली. गुडघ्यापर्यंत पाय सोडता येतील असा खड्डा, खड्ड्यात पायानं दाबायच्या दोन पट्ट्या, वर आढ्याला टांगलेली कप्पी, आणि खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेला काळ्या लोकरीचा ताणा. घोंगडी आठ हाती होती. चार हात विणून झाली होती, पुढं नुसते उभे धागे.

ती एका मेंढक्याची होती. हा माणूस आंबेगावच्या बाजूचा. दिवाळी झाली की दरवर्षी मेंढरं घेऊन आमच्या दारावरून जातो आणि माळशेज उतरून कोकणात चार-सहा महिने रानात राहतो. त्यानं आपल्याच मेंढरांची लोकर आणून दिली होती आणि जाता जाता घोंगडी घेऊन जाणार होता. त्याची जुनी घोंगडी मी पाहिली होती. तिच्यातून पलीकडचं झाड दिसायचं.

माझे मालक दुधाची गाडी चालवतात. मामंजींना घरी आणलं त्याच संध्याकाळी ते मागापाशी उभे राहून म्हणाले, "आता हे कापून टाकू. अर्धी तर अर्धी. मेंढक्याला सांगू, म्हातारा पडला, काय करणार. खड्डा बुजवून फरशी टाकली म्हंजी हितं पिठाची गिरणी बसती."

मामंजी बाजेवर पडून ऐकत होते. त्यांनी मालकांकडं पाहिलं नाही, माझ्याकडंही नाही. ते ताण्याकडं पाहत होते. मी चुलीपाशी होते. तिथूनच म्हणाले, "दिवाळीपर्यंत राहू द्या."

"कोण इणणार? तू?"

मी चुलीतलं लाकूड आत सारलं. मालक हसले. वाईट हसले नाहीत, दिवसभराचे दमले होते. "बरं. मेंढरं दारात येईस्तवर. त्या दिवशी कात्री."

आमच्या घरात बायांनी मागावर बसू नये असं कोणी म्हणत नव्हतं, पण बसतही नव्हतं. बायांनी लोकर निवडायची, पिंजायची, कातायची, चिंचोक्याची खळ शिजवायची. खड्ड्यात पुरुष. मामंजींशी मी एवढ्या वर्षांत समोरासमोर दहा-बारा वाक्यं बोलले असेन, तीही डोक्यावरचा पदर सावरत. माग मला फक्त कानानं ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशी मालक गाडीवर गेल्यावर मी ताण्याला हात लावला. धागे तारेसारखे झाले होते. नऊ दिवस ताणा तसाच ताणलेला राहिला होता. मामंजी रोज दिवेलागणीला मागावरून उठताना दोर ढिला करायचे. ताण्याच्या पलीकडच्या टोकाला एक काठी असते, तिला दोर बांधलेला, तो दोर लांबच्या खुंटीला वळसा घालून परत विणणाऱ्याच्या उजव्या हाताशी येतो. बसल्या जागेवरून ताणा ओढायचा किंवा सोडायचा. संध्याकाळी तो दोर सुटल्याच्या सर्र आवाजाची मला ओळख होती. त्याला आमच्यात म्हणतात, ताण्याला झोपवलं.

मला त्या धाग्यांची दया आली. मी दोर सोडला. सगळा सोडला.

बाजेवरून मामंजींचा घशातला आवाज आला, ओरडल्यासारखा. मी मागं पाहीपर्यंत व्हायचं ते झालं होतं. ढिले पडलेले धागे जिवंत झाल्यासारखे स्वतःभोवती फिरले. प्रत्येक धागा आखडला, दुमडला, शेजारच्याला गुंडाळला. डोळ्यांदेखत चार हात ताण्याची एक जाडजूड जट झाली. हे सगळं सूत मीच कातलं होतं. मामंजींना घट्ट पीळ लागायचा म्हणून मी तसा पीळ द्यायची आणि एकदा टोपलीत टाकलं की माझं काम संपलं असं समजायची. तो पीळ एवढे दिवस धाग्यात दबा धरून बसलेला असतो आणि ताण सुटला की उलगडायला बघतो, हे मला माहीत नव्हतं. मामंजींचा दोर रोज संध्याकाळी फक्त अर्धा वळसा सुटायचा. आवाजावरून मला तो पुरा सुटल्यासारखा वाटायचा.

जट सोडवायला अडीच दिवस गेले. गरम पाण्याचा हात फिरवायचा, एकेक धागा बोटानं वेगळा करायचा, मागून दोर थोडा ओढून घ्यायचा. शेजारची माझी चुलत जाऊ ताक न्यायला आली आणि दारातच थांबली.

"काय गं, केस इंचरतीस का काय म्हशीचं?"

"ताणा गुंतलाय."

"मग आता धोतर नेसून बसायचंच राह्यलं म्हण की. मामंजी, बघा बया तुमची सून." मामंजींच्या तोंडाची डावी बाजू हसली. जाऊ आत आली, तांब्या खाली ठेवला आणि बोलत बोलत दुपारपर्यंत माझ्या बरोबरीनं धागे सोडवत बसली.

जट सुटली, पण ताणा पहिल्यासारखा राहिला नाही. काही धागे ताठ, काही मधेच लोंबणारे. मी लोंबणारे धागे धरून ओढले आणि टोकाला गाठी मारल्या. हे ओढले की त्यांच्या शेजारचे लोंबत. मग ते ओढायचे. असं करत मी या कडेपासून त्या कडेपर्यंत गेले आणि परत आले तर पहिले धागे तटातट तुटायला लागले. सात तुटले. मी गुडघे हातांत धरून बसले.

मामंजींनी बाजेच्या लाकडावर डाव्या हातानं थाप मारली. मी वळले. त्यांनी बाजेचा, स्वतःच्या मांडीजवळचा एक दोर बोटानं वर ओढला आणि धरून ठेवला. मला कळेना. त्यांनी पुन्हा ओढला आणि डोळ्यांनी पायगतीकडं खूण केली. त्यांनी इथं ओढला तसा तिथला दोर ताठ झाला होता. बाज ओढायचं काम मी लहानपणी अवसरीला माहेरी केलं होतं. ढिली बाज कोणी एका जागी ओढत नाही. एका टोकाकडून ढील थोडीथोडी पुढं सरकवत नेतो आणि शेवटी पायगतीला बाहेर काढतो. दोर सगळा एकच असतो.

मी ताण्याच्या पलीकडच्या टोकाला जाऊन वाकून पाहिलं. बावीस वर्षं त्या खोलीत केर काढला, पण ते पाहिलं नव्हतं. ताण्याचा धागा त्या काठीला वळसा घालून परत येत होता, पुन्हा जात होता, पुन्हा येत होता. मला वाटत होतं शेकडो धागे आहेत. जोडांच्या जागा सोडल्या तर तो एकच धागा होता. म्हणून ओढून बांधायची गरजच नव्हती. मी माझ्या सगळ्या गाठी सोडल्या, तुटलेले जोडले आणि बोटांच्या पेरांनी ढील वळशावळशातून कडेला सरकवत नेली. खूप वेळ लागला. मग तळहात पालथा करून ताण्यावर थापटला. पूर्वी मामंजी असं थापटायचे तेव्हा मला वाटायचं धूळ झटकतात. हात उडून परत आला, सगळ्या जागी सारखा. जिथं नाही आला तिथं अजून दोन धागे ढिले राहिले होते.

चौथ्या दिवशी मी खड्ड्यात पाय सोडले. लुगडं गुडघ्यांमधे खोचलं. खड्ड्यात गार होतं आणि मामंजींच्या टाचांनी तळाशी दोन खळगे पडले होते, त्यात माझ्या टाचा बसल्या.

बसल्यावर माग बाहेरून दिसतो तसा दिसला नाही. समोर दोन चौकटी टांगलेल्या, प्रत्येकीत दोऱ्यांचे फास, प्रत्येक फासात एक धागा. एक सोडून एक धागा पुढच्या चौकटीत, उरलेले मागच्या. दोन्ही चौकटी वर एकाच दोरीनं जोडलेल्या आणि ती दोरी कप्पीवरून गेलेली. मी डावा पाय दाबला. पुढची चौकट खाली गेली आणि तिनंच मागचीला वर ओढलं. अर्धे धागे बुडाले, अर्धे उठले, आणि मधे एक वाट उघडली. मी बाजूला वाकून त्या वाटेतून पाहिलं तर पलीकडच्या खिडकीतला उजेड दिसला. उजवा पाय दाबला तर ती वाट मिटली आणि तिथंच दुसरी उघडली, खालचे वर आणि वरचे खाली. मी हे दहा-वीस वेळा नुसतंच केलं. धोटा हातात घेतलाच नाही. कोणी येऊन पाहिलं असतं तर म्हणालं असतं, ही खेळतीय.

धोटा टाकला तेव्हा मात्र तो मधेच बुडाला आणि खालच्या धाग्यांच्या खालून बाहेर आला. पुन्हा टाकला, पुन्हा तसंच. वरचे धागे ताठ होते, खालचे सैल होते. पाय बदलला की धोटा नीट जायचा. एका बाजूचीच वाट खराब होती. मी मामंजींकडं पाहिलं. त्यांनी हात आडवा धरला, पाण्यासारखा सपाट, आणि थांबले. मी दोन्ही पाय उचलले. पाय उचलल्यावर दोन्ही चौकटी सारख्या उंचीला यायला हव्यात, सगळे धागे एका ओळीत. मी डोळा धाग्यांच्या पातळीला नेला. मागची चौकट अर्धं बोट वर होती. नऊ दिवसांत कप्पीवरची दोरी कुठंतरी आटली होती. तेवढ्या अर्ध्या बोटानं तिच्यातले धागे दर वेळी जास्त ओढले जात होते आणि दुसरे उपाशी राहत होते. गाठ सोडून अर्धं बोट दोरी दिली. धोटा या हातातून सुटला आणि त्या हातात येऊन बसला.

मी आडवा धागा घट्ट बसवणारी फणी ओढून ठोका मारला. मामंजींनी डोळे मिटले.

त्यानंतर रोज दुपारी भाकरी उरकल्या की मी बसायची. पहिल्या दिवशी चार बोटं झाली. नंतर वीतभर होऊ लागली. ठोका जड पडला की मामंजी डोळे उघडायचे, हलका पडला की हाताचं बोट हलवायचे. मला त्यांच्याकडं पाहायला लागायचं नाही, बाज किरकिरायची.

एक दिवस घाटाकडून धुकं आलं आणि दिवसभर घरात राहिलं. ताणा आदल्या संध्याकाळी ठेवला तसाच होता, पण थापटला तर ओल्या चादरीसारखा. मी दोर ओढायला गेले तर दोर उलट कडक झालेला. लोकर पाणी पिऊन लांबते आणि तागाचा दोर पाणी पिऊन आखडतो. दोघं एकमेकांना बांधलेले, एक सुटतं तेव्हा दुसरं ओढतं, आणि उरलेलं माणसानं भागवायचं. मामंजी पावसाळ्यात सकाळी उठल्याबरोबर तोंडही न धुता दोराला हात लावायचे. मला ती त्यांची खोड वाटायची. त्या दिवशी धुकं हटेपर्यंत मी चार वेळा दोर हलवला. सकाळचे धागे, दुपारचे धागे, संध्याकाळचे धागे, प्रत्येकाचं मागणं वेगळं, आणि घोंगडीत कुठं सकाळ कुठं दुपार हे दिसता कामा नये. मामंजींनी विणलेल्या चार हातांत शोधून पाहिलं. सापडलं नाही.

दिवाळी झाली. मालक रोज संध्याकाळी येऊन घोंगडीवर हात ठेवून मोजायचे. सहा हात. साडेसहा. एकदा म्हणाले, "कोपऱ्यात गिरणी बसंल का पाह्यलं, न्हाई बसत." दुसरं काही बोलले नाहीत.

ताणा संपत आला तसं काम अवघड होत गेलं. मागची काठी चौकटींच्या जवळ येऊ लागली. लांब ताण्याला वाट उघडायला जागा असते, आखूड ताणा उघडायलाच तयार होत नाही. तोच पाय, तेवढाच जोर, पण वाट धोट्यापेक्षा बारीक. जे धागे चार हात लांब असताना माझं ऐकत होते तेच आता दगडासारखे. मी धोटा ठेवून सूत पातळ काडीला गुंडाळलं आणि ती काडी हातानं सरकवू लागले.

आणि त्या दुपारी घुंगरांचा आवाज आला. पाठोपाठ कुत्री. रस्ता मेंढरांनी भरला, मागं एसटी अडकून हॉर्न देऊ लागली. मालक घरीच होते. मेंढका काठी टेकत ओसरीवर आला.

"काय पावणं, झालं का आमचं पांघरूण?"

"बसा, च्या घ्या," मालक म्हणाले आणि आत आले. घोंगडीवर हात ठेवत मोजलं. आठ. पुन्हा मोजलं. आठ हात भरले होते. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा बरं वाटल्यासारखं दिसलं. त्यांनी फळीवरची कात्री घेतली. "झाली की. सर बाजूला."

मलाही तेच वाटत होतं. बोटं सुजली होती. मी पाय वर घेतले. तेवढ्यात बाज जोरात किरकिरली. मामंजी डोकं हलवत होते, नाही, नाही. डावा हात वर केला, अंगठा आणि करंगळी ताणली. एक वीत.

"अप्पा, आठ भरली. मोजली मी," मालक म्हणाले. मामंजींनी हात खाली घेतला नाही.

मला का ते कळलं नव्हतं. पण त्या खोलीत जे जे मला कळलं नव्हतं ते ते त्यांना ठाऊक होतं, एवढं या दिवसांत कळलं होतं. मी पाय परत खाली सोडले. मालक कात्री घेऊन उभे राहिले. बाहेर मेंढका म्हणाला, "मेंढरं पुढं चालली, राव." चहा घेऊन आलेली माझी जाऊ त्याला म्हणाली, "जाऊ द्या की पुढं, ती काय वाट चुकत्यात व्हय. तुमीच चुकाल. प्या अजून एक कप." वीतभर विणायला मला इतर वेळी अख्खी दुपार लागायची. त्या दिवशी किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. जाऊनं त्याला तीन कप चहा पाजला आणि दोनदा घरच्या सगळ्यांची खुशाली विचारली.

मग मी स्वतः दोर सोडला, अर्धा वळसा, आणखी अर्धा, हळूहळू. मालकांनी कात्री लावली. शेवटचा धागा कापला आणि घोंगडी हलली. कोणी हात लावला नव्हता. जमिनीवर पडल्या पडल्या ती आत ओढली गेली, दोन्ही टोकांकडून, झोपेत कूस बदलल्यासारखी, आणि मग निपचित झाली. इतके दिवस ती ताणलेली होती, तिची खरी लांबी कोणीच पाहिली नव्हती. मामंजींनी ताणा लावायच्या आधीच ती आत किती जाईल ते धरून ठेवलं होतं, उन्हाळ्यात, लोकर हातात घेऊन.

मेंढक्यानं ती ओसरीवर पसरली आणि कोपरापासून बोटापर्यंत हात टाकत मोजली. मी दाराआड होते. सहा, सात, आठ. शेवटचं बोट बरोबर काठावर पडलं. "भरली," तो म्हणाला. मामंजींच्या पायांना हात लावून आला, घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतली, आणि मेंढरांच्या मागं जवळजवळ पळत गेला. कोणी विणली ते त्यानं विचारलं नाही. मला त्याचं बरंच वाटलं.

मालक बराच वेळ रिकाम्या मागापाशी उभे होते. टेप खिशातून काढून ओसरीचं माप घेतलं, पुन्हा खिशात टाकला.

"गिरणी भाईर बसवू," ते म्हणाले. "पाऊस उडतो, पण पत्रा मारला म्हंजी झालं."